तूर, ज्वारी आणि सिकलसेल

(१९७८ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण. बोललो तसेच ठेवले आहे. दोन ठिकाणी वाक्ये नीट केली आहेत.)



संयोजकांनी मला सांगितले होते, "हे पाय, गंभीर बोलू नको. लोक अमेरिकेहून, पुण्याहून आले, त्याइले हसव." हसवण्याचे काम आपल्या बॅचमध्ये कोणाचे होते आणि कोणाचे आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. तो माझ्या नंतर बोलणार आहे. तेव्हा मला पंधरा-वीस मिनिटे सहन करा.

मी पस्तीस वर्षे औषधनिर्माणशास्त्राच्या कॉलेजात वनौषधी शिकवली. झाडपाल्यातून औषध कसे काढतात, ते औषध आहे की नाही हे कसे तपासतात, हा माझा धंदा. आणि आज मला याच गावात, याच विषयावर पूर्वी केलेले एक भाषण दुरुस्त करायचे आहे.

पण आधी आपल्या वर्गात जाऊ. आठवी-ब. खिडकीकडची तिसरी बाक. हिवरखेडकडून मीटरगेजच्या गाडीने येणारी पोरे आठवतात? त्यातला एक. नाव घेत नाही, तुम्हा सगळ्यांच्या ओठांवर आले आहे. त्याचे डोळे पिवळट असत म्हणून आपण त्याला 'हळद्या' म्हणत होतो. हो, मीही म्हणत होतो. थंडीत तो मधल्या सुटीत कबड्डी सोडून भिंतीला पाठ लावून उन्हात बसायचा. महिन्यातून चार-पाच दिवस गैरहजर. "काऊन रे, काल काऊन नाही आला?" विचारले की एकच उत्तर, "हाडं दुखून रायले होते." आपल्याला वाटायचे बहाणा आहे. एका मास्तरांनाही तसेच वाटले. त्यांनी त्याला डिसेंबरच्या सकाळी मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. तिसऱ्या फेरीला तो खाली बसला आणि दुसऱ्या दिवसापासून पंधरा दिवस आला नाही. त्या मास्तरांना मी आज दोष देत नाही. त्यांना माहीत नव्हते. आपल्यापैकी कोणालाच माहीत नव्हते. गणितात तो आपल्या सगळ्यांच्या पुढे होता एवढे मात्र माहीत होते, कारण गृहपाठ आपण त्याच्याच वहीतून उतरवत होतो.

दहावीचा निकाल लागला तेव्हा तो पास झाला होता. पुढच्या थंडीत तो गेला. गावात सांगितले गेले, कावीळ झाली. मी तेव्हा अमरावतीला होतो. मातीलाही आलो नाही.

त्याला सिकलसेल होता हे कोणत्याही कागदावर लिहिलेले नाही. पण त्याच्या घरातल्यांची रक्ततपासणी पुढे झाली. तिच्याबद्दल थोड्या वेळाने सांगतो. ती पाहिल्यावर माझ्या मनात शंका उरलेली नाही.

आता जरा मास्तरकी करू द्या. आपल्या रक्तातल्या लाल पेशीत हिमोग्लोबिन असते, ते फुप्फुसातून प्राणवायू उचलते आणि अंगभर पोहोचवते. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले ओळीने गुंफलेली असतात. त्यातल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल असायला हवे. सिकलसेलमध्ये तिथे व्हॅलिन येऊन बसते. एवढाच फरक. पूर्ण पोथीत एक अक्षर चुकावे तसा. हा फरक इनग्राम नावाच्या शास्त्रज्ञाने १९५६-५७ मध्ये शोधला; त्याआधी १९४९ साली लायनस पॉलिंगने हा हिमोग्लोबिनच्या रेणूचाच आजार आहे हे दाखवले होते. असे हिमोग्लोबिन प्राणवायू सोडून रिकामे झाले की एकमेकांना चिकटते, त्याच्या लांब दोऱ्या बनतात आणि गोल, मऊ पेशी विळ्यासारखी वाकडी आणि कडक होते. ती बारीक नळ्यांत अडकते. जिथे अडकली तिथे पुढचा भाग उपाशी. तीच ती हाडांची कळ. थंडी, ताप, पाणी कमी पडणे, दमछाक, यांपैकी काहीही निमित्त पुरते. म्हणजे डिसेंबरच्या सकाळी मैदानाच्या फेऱ्या. साधी लाल पेशी १२० दिवस जगते, ही दहा-वीस दिवसांत फुटते. म्हणून अंगात रक्त नाही, म्हणून डोळे पिवळे. आपण त्याला 'हळद्या' म्हणत होतो ते त्याच्या फुटलेल्या पेशींचे रंग होते.

हा आजार जगाच्या नोंदीत आला १९१० साली, शिकागोत. आपल्याकडे १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत सापडला, आणि १९५८ साली 'लॅन्सेट'मध्ये शुक्ला आणि सोळंकी यांचा मध्य भारतातल्या सिकलसेलवरचा लेख आला. लक्षात घ्या, १९५८. आपण शाळेत होतो तेव्हा त्या लेखाला वीस वर्षे होत आली होती. नागपूर इथून काही लंडनइतके लांब नाही. तरी ती माहिती अकोटच्या आठवी-ब पर्यंत आली नाही.

विदर्भात हा आजार जास्त का, असे लोक विचारतात, आणि विचारताना आवाज खाली करतात. गोंड, परधान, कोरकू, बौद्ध समाज, कुणबी, तेली, अशी नावे घेतात, जशी काही ती जातीची खूण आहे. कारण साधे आहे. आईबापांपैकी एकाकडूनच हा दोष आला तर माणूस वाहक होतो. तो आजारी नसतो आणि लहानपणी जीवघेण्या मलेरियातून वाचण्याची त्याची शक्यता जास्त असते. ॲलिसनने १९५४ साली आफ्रिकेत हे दाखवले. जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया, तिथे हा गुण टिकला. पोपटखेडच्या पुढे घाट चढला की लोक मलेरियाने कसे जात, हे आपल्या आजोबांना विचारायला हवे होते. दोन्हीकडून दोष आला की मात्र तेच कवच गळफास होते. दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता.

आता माझे ते भाषण.

अकरा वर्षांपूर्वी, थंडीच्याच दिवसांत, आपल्या तालुक्यात एका शेतकरी मेळाव्यात मला वनौषधींवर बोलायला बोलावले होते. समोर दोन-तीनशे शेतकरी. मला वाटले, यांना यांच्याच पिकांबद्दल सांगावे. मी नायजेरियाची गोष्ट सांगितली. ती गोष्ट खरी आहे. तुम्हालाही सांगतो, आणि सांगताना या वेळी काही गाळत नाही.

नायजेरियात सिकलसेल आपल्यापेक्षा किती तरी जास्त आहे. तिथल्या वैदूंकडे त्यावर पाले-मुळ्या होत्या. १९७१ साली तिथल्या सोफोवोरा या औषधशास्त्रज्ञाने सहकाऱ्याबरोबर एक निबंध छापला: दातवण म्हणून चघळायच्या एका मुळीचा अर्क काचेवर वाकडी झालेली पेशी पुन्हा गोल करतो. ती मुळी आपल्या तिरफळाच्या कुळातली. कोकणातल्या बांगड्याच्या आमटीत टाकतात ते तिरफळ. मग तिथल्याच एकेके आणि शोडे यांनी १९८५ मध्ये लिहिले की तुरीच्या दाण्याचा अर्कही हेच करतो. तूर, राजेहो! मूळची आपल्याच देशातली, इथून आफ्रिकेत गेलेली. पुढे त्यांनी शोधले की त्या अर्कातला मुख्य घटक फेनिलअॅलनिन हे अमिनो आम्ल आहे. त्यातून 'सिक्लाविट' नावाचे औषध आले आणि १०० रुग्णांवर त्याची चाचणी झाली.

दुसरे औषध त्याहून नावाजलेले. अबुजाच्या सरकारी औषधसंशोधन संस्थेने एका पारंपरिक वैद्याच्या नुस्ख्यावरून ते बनवले, नाव 'निप्रिसान'. त्यात चार वनस्पती. पहिली ज्वारी, तिची पाने. दुसरी आफ्रिकन मिरीच्या जातीची. आपली पानपिंपरी आणि खायचे पान त्याच कुळातले. अकोट-अंजनगावच्या पानमळ्यात शेवरीवर चढलेली पानपिंपरी तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. तिसरी आपल्या बिजाची आफ्रिकन बहीण. मेळघाटातला बिजा, ज्याच्या लाकडाच्या पेल्यात मधुमेहाचे लोक रात्री पाणी ठेवतात. चौथी लवंग. लवंग तेवढी वाण्याकडून आणायची, बाकी सगळे आपल्या दहा कोसांत.

मी हे त्या मेळाव्यात सांगितले तेव्हा टाळ्या पडल्या. मला बरे वाटले. कोणाला वाटणार नाही? शेवटी मी म्हणालो होतो की ही अजून प्रयोगावस्थेतली गोष्ट आहे. म्हणालो होतो, पण एका वाक्यात, आणि तेही टाळ्या सुरू झाल्यावर. तिसऱ्या दिवशी एका वर्तमानपत्रात चौकट आली: 'तुरीच्या दाण्यात सिकलसेलवर उपाय – अकोटच्या सुपुत्राचे संशोधन'. संशोधन माझे नव्हते आणि उपाय सापडलेला नव्हता. मी पत्र लिहायला हवे होते. चौकट कापून फाइलला लावली. खरे सांगतो, बायकोलाही दाखवली.

आपल्या त्या मित्राचा धाकटा भाऊ इथे शेती करतो. तो आज या सभागृहात बसला आहे. हे सगळे सांगायची परवानगी मी त्याच्याकडून आणि त्याच्या मुलीकडून घेतली आहे. तो आपल्या शाळेत आपल्यापेक्षा सहा वर्षांनी मागे. त्याच्या मुलीला सिकलसेल. एसएस, म्हणजे दोन्हीकडून आलेला. तो स्वतः वाहक, त्याची बायको वाहक. तेव्हा मुलगी तेरा वर्षांची होती आणि दोन वर्षांपासून हायड्रॉक्सीयुरियाची गोळी घेत होती. गोळी लागू पडली होती. वर्षात आठ-दहा वेळा ॲडमिट होणारी पोर दीड वर्ष शाळेत नियमित जात होती. पण गोळीच्या खोक्यावर कर्करोगाच्या औषधासारखी सूचना, दर काही आठवड्यांनी रक्त तपासायला अकोल्याची चक्कर, आणि नातेवाईक म्हणणार, "पोरीले जहर देऊन रायला का?" अशात त्याने ती चौकट वाचली. खाली माझे नाव. दादाचा मित्र. दादाच्या मित्राने लिहिले म्हणजे खरे.

त्याने गोळी बंद केली. घरची तूर रात्रभर भिजवून, वाटून, गाळून ते पाणी पोरीला सकाळ-संध्याकाळ दिले. पहिला दीड महिना काही झाले नाही, कारण गोळीचा परिणाम लगेच उतरत नाही. त्या दीड महिन्यात त्याने चौघांना सांगितले की तूर लागू पडली. जानेवारीच्या शेवटी पोरीला ताप आला, मग छातीत कळ, मग श्वास लागला. सिकलसेलच्या रुग्णाला सगळ्यात जास्त भीती याचीच असते. चार बाटल्या रक्त लागले. ती वाचली. पुढे डाव्या खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटला आणि आज ती लंगडत चालते.

हे त्याने मला फोनवर सांगितले नाही. माझ्या घरी अमरावतीला आला, चहा घेतला, आणि पिशवीतून ती चौकट काढून टेबलावर ठेवली. म्हणाला, "भाऊ, म्या चुकलो का तुमी चुकले, एवढं सांगा." रागावला नव्हता. त्याला खरोखरच माहीत करून घ्यायचे होते.

तर मी कुठे चुकलो ते सांगतो. हे माझ्या विषयाचेही आहे, कारण आजही दर महिन्याला कोणत्या ना कोणत्या पाल्याबद्दल अशी चौकट येते.

काचेवरचा प्रयोग असा असतो. रुग्णाच्या रक्ताचा थेंब घ्यायचा, त्यात सोडियम मेटाबायसल्फाइट घालून प्राणवायू काढून घ्यायचा, पेशी वाकड्या होतात. मग अर्क घालायचा आणि सूक्ष्मदर्शकातून मोजायचे, शंभरात किती पेशी वाकड्या राहिल्या. कमी राहिल्या तर अर्कात गुण आहे असे लिहायचे. मी विद्यार्थ्यांना हे करून दाखवले आहे. गंमत अशी की पाल्यांच्या अर्कांपैकी बरेच यात पास होतात. अर्क आंबट असेल तर वेगळा परिणाम, तुरट असेल तर पेशीचे कातडेच रापते आणि ती वाकायचीच थांबते, जसे चामडे रापवल्यावर. मेलेली पेशीही वाकत नाही. आणि काचेवर अर्काची जी तीव्रता असते ती रक्तात आणायची तर माणसाला बादलीने प्यावा लागेल. फेनिलअॅलनिनचेच घ्या. ते तुरीत आहे, हरभऱ्यात आहे, दुधात आहे, अंड्यात आहे. वरण खाऊन सिकलसेल थांबत असता तर वऱ्हाडात हा आजार नावालाही उरला नसता. दोन वेळा वरण खाणारे आपण लोक!

मग त्या दोन औषधांचे काय झाले? जगभरच्या चाचण्या गोळा करून तोलणारी कॉक्रेन नावाची संस्था आहे. सिकलसेलवरच्या वनौषधींच्या धडपणे केलेल्या त्यांना दोनच चाचण्या मिळाल्या, याच दोन, मिळून १८२ माणसे. निप्रिसानने तीव्र कळांचे झटके कमी केलेले दिसले. पंडुरोग, म्हणजे रक्ताची कमतरता, आणि इतर गुंतागुंत यांवर फरक दिसला नाही. तुरीच्या औषधानेही कळा कमी झाल्यासारख्या दिसल्या, पण रक्त किंचित घटण्याकडे कल होता, तो योगायोगही असू शकेल एवढा लहान. निष्कर्ष: आशा आहे, आणखी मोठ्या चाचण्या हव्यात. मेळाव्यात मी 'आशा आहे' एवढेच वाचून दाखवले होते.

निप्रिसानची पुढची गोष्ट मला जास्त लागते. एका अमेरिकन कंपनीने त्याचे हक्क घेतले, २००६ साली नायजेरियात 'निकोसान' नावाने ते बाजारात आले. लोक घेऊ लागले. २००८ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. औषधात गुण असूनही ते रोज, त्याच ताकदीचे, परवडेल अशा भावात मिळाले नाही तर रुग्णाच्या दृष्टीने ते नाहीच. आणि पाल्यात तर ताकद सारखी ठेवणे हेच मोठे काम. कोरडवाहू ज्वारीचे पान आणि ओलिताच्या ज्वारीचे पान एक नव्हे, हे तुम्हाला मी सांगायला नको. कोवळ्या ज्वारीने जनावर विषबाधा होऊन पडते, तीच ज्वारी निसवल्यावर खुशाल खाते.

दुसरी बाजूही सांगतो, नाही तर तुम्ही म्हणाल मास्तर पाल्याचा वैरी झाला. शाळेच्या विहिरीजवळ सदाफुली होती, आठवते? तिच्यातून व्हिन्क्रिस्टीन निघाले आणि रक्ताच्या कर्करोगाची कितीतरी पोरे त्याने बरी होतात. पण कोणी सदाफुलीचा पाला वाटून पाजत नाही. टनावारी पाला घेऊन त्यातून ग्रॅमच्या हिशेबात तो एक रेणू काढावा लागतो, मात्रा मिलिग्रॅममध्ये मोजावी लागते आणि चुकली तर जीव जातो.

सिकलसेलमध्येही असा एक प्रवास झाला. व्हॅनिला म्हणजे आइस्क्रीमचा वास, त्यातला व्हॅनिलिन हा रेणू हिमोग्लोबिनला धरून ठेवतो आणि दोऱ्या बनू देत नाही, असे १९९१ मध्ये दाखवले गेले. पण पोटात गेला की तो रक्तात पोहोचायच्या आतच मोडतो. मग रसायनशास्त्रज्ञांनी त्याच धर्तीचे, न मोडणारे रेणू बांधले. त्यातून व्होक्सेलोटोर तयार झाले. २०१९ साली अमेरिकेत मान्यता मिळाली, कारण त्याने हिमोग्लोबिन वाढत होते. मी वर्गात पोरांना उत्साहाने शिकवले. सप्टेंबर २०२४ मध्ये फायझरने ते जगभरातून मागे घेतले. हिमोग्लोबिनचा आकडा वाढला, पण त्याची गोळी घेणाऱ्यांत कळांचे झटके आणि मृत्यू यांचे पारडे उलट्या बाजूला झुकताना दिसले. म्हणजे काचेवर पास, शरीरात पास, रक्ताच्या रिपोर्टमध्ये पास, आणि तरी शेवटी नापास. तिथे भिजवलेल्या तुरीच्या पाण्याची काय कथा.

आणि ती 'जहराची' गोळी? हायड्रॉक्सीयुरिया १८६९ साली जर्मनीत प्रथम बनले. ते आईच्या पोटात असताना असणारे गर्भाचे हिमोग्लोबिन पुन्हा वाढवते, आणि ते हिमोग्लोबिन दोऱ्यांत गुंफत नाही. १९९५ मध्ये अमेरिकेत २९९ प्रौढांवरच्या चाचणीत कळांचे झटके जवळपास निम्म्यावर आले. आपल्याकडची गोष्ट आणखी जवळची. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६० मुलांवर कमी मात्रेने, किलोला १० मिलिग्रॅम, चाचणी केली. २०१२ मध्ये ती छापून आली. एवढ्या कमी मात्रेतही झटके, रक्त चढवणे, ॲडमिट होणे मोठ्या प्रमाणात घटले. कमी मात्रा म्हणजे त्रास कमी, खर्च कमी. विदर्भातल्या पोरांवर, विदर्भात केलेले हे काम. त्यावर मी मेळाव्यात एक शब्द बोललो नव्हतो. ते झाडाचे नव्हते, म्हणून माझ्या विषयात बसत नव्हते.

जनुक दुरुस्त करण्याचे उपचारही २०२३ च्या डिसेंबरात अमेरिकेत मान्य झाले. एकाची किंमत २२ लाख डॉलर. ते सोडून देऊ.

त्या भावाला मी उत्तर दिले, "मी चुकलो." त्यानंतर त्या वर्तमानपत्राला पत्र पाठवले. सहा ओळी छापल्या, आतल्या पानावर, बाजारभावाच्या खाली. मेळघाटातून आपल्या तालुक्यात पुनर्वसन झालेल्या कोरकू गावांत मी तेव्हापासून जातो. तिथे माझे पहिले वाक्य हेच असते: गोळी बंद करू नका, पाला खायचा तर खा, पण डॉक्टरला सांगून. एका म्हाताऱ्याने मला विचारले, "तुमी झाडाचे मास्तर ना? मंग झाडाच्या विरोधात काऊन बोलता?" मी त्याला सदाफुलीची गोष्ट सांगितली. त्याला पटली की नाही कळले नाही. त्याने मला मोहाची फुले दिली.

आपल्या वयाच्या लोकांना या आजाराचे आता काय करायचे आहे, असे तुम्हाला वाटेल. आपल्याला नातवंडे झाली. पण वाहक माणूस साठीपर्यंत ठणठणीत राहतो आणि त्याला कळतही नाही. ते त्याच्या नातवाच्या लग्नात कळते. पत्रिका पाहतो तशी ही एक तपासणी पाहिली तर काय बिघडते? लग्न मोडायला पाहिजे असे नाही. दोघेही वाहक असले तरी गरोदरपणात लवकर तपासणी होऊ शकते. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशात शहडोलला राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, २०४७ पर्यंत हा आजार संपवायचा म्हणून, चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी. आपण चाळिशीत बसत नाही, पण आपली मुले-नातवंडे बसतात. २०१६ च्या दिव्यांग कायद्यातही सिकलसेल आहे, हे किती शाळांना ठाऊक आहे कोण जाणे. इथे बसलेल्यांपैकी अकरा जण शिक्षक होते किंवा आहेत, मी यादीत मोजले. त्यांना एवढेच सांगतो: वर्गात एखादे पोर थंडीत हाडे दुखतात म्हणत असेल, डोळे पिवळे असतील, तर आधी त्याला पाण्याची बाटली जवळ ठेवू द्या आणि मैदानावर पाठवू नका. ताप आला तर घरी नाही, दवाखान्यात.

ती मुलगी आता चोवीस वर्षांची आहे. गोळी चालू आहे. अकोल्याला बँकेच्या परीक्षेची तयारी करते. गणित तिला सोपे जाते, हे काही जनुकात असते की नाही मला ठाऊक नाही, पण तिची वही मी पाहिली आणि मला तिसरी बाक आठवली. तिला मी विचारले होते, भाषणात काय सांगू? ती म्हणाली, "काका, मोठ्या बाबाचं नाव 'हळद्या' नव्हतं, एवढं सांगा."

शाळेच्या परवानगीने मागच्या बाजूला आठवी-ब च्या खोलीत रक्ततपासणी ठेवली आहे. बोटाचा एक थेंब, आधी साधी चाचणी. शंका आली तर दुसरा नमुना पुढच्या तपासणीला जाईल आणि निकाल ज्याचा त्यालाच कळेल. सून-जावई, नातवंडे बरोबर आली असतील त्यांना घेऊन जा. जेवण एक वाजता आहे. तपासणी साडेचारपर्यंत चालेल, त्यानंतर तंत्रज्ञांना अकोल्याची गाडी पकडायची आहे.